नॉर्मल क्रमांक सात

“मिश्री म्हंजे तंबाखू न्हवं, किती डाव सांगू तुला? तंबाखू गडीमानसं खात्यात. मिश्री दाताला लावत्यात.”

रुक्माबाई मोरीच्या काठाशी उभ्या होत्या. मोरीत पत्र्याचं झाकण उपडं पडलं होतं आणि त्याच्याखालून काळं पाणी वाहत होतं. दोन मिनिटांपूर्वी ह्याच झाकणात तंबाखूचा चुरा गॅसवर भाजला जात होता. सुनेनं चिमट्यानं झाकण उचललं, तसंच नळाखाली धरलं आणि चर्र आवाज सगळ्या घरात गेला.

“आन भाजायच्या आधी ती काय असती आत्ती?” बेबी म्हणाली. “कोथमीर?”

“तोंड लई चालाय लागलंय तुझं. परवापातूर तूच हात पुढं करत हुतीस, घाला आत्ती चिमटीभर म्हनून.”

“करत हुते.”

“मग एका दिसात काय झालं? देव अंगात आला?”

“धूर अजून घरातच हाय आन भांडान मातर गल्लीत पोचलं,” दारातून बेबीचा नवरा भरमा म्हणाला. तो उद्यमबागच्या फाउंड्रीत साच्यावर काम करायचा आणि रविवारची एक सुट्टी त्याला मिळायची. “बेबी, शुक्रवारी लॅबात तू सांगून आलीस न्हवं, माझी चूक झाली म्हनून? मिटलं की मग. कशाला उकरतीस?”

“मिटलं न्हाय.”

“त्या पोरीनं ऐकून घेतलं. तू सांगून मोकळी झालीस. आनी काय पायजे?”

बेबीनं कालच घासलेली कढई पुन्हा घासायला घेतली. जीभ खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला, त्याच जागी गेली. गेले दोन दिवस ती जिभेला आवरत होती आणि जीभ आवरत नव्हती.

बेबीचं माहेर निपाणीचं. आई, गुणाबाई, तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची. संध्याकाळी तिच्या पदराला असा वास यायचा, की लहान बेबी तिच्या कुशीत शिंकत झोपायची. वखारीतल्या सगळ्या बायका दुपारी जेवण झालं की भिंतीला टेकून मिश्री लावायच्या, बोट हिरड्यांवरून फिरत राहायचं आणि बोलणं घशातून यायचं. त्यांच्यातली एकही बाई तंबाखू खात नव्हती, असं त्यातल्या प्रत्येकीनं शपथेवर सांगितलं असतं. खोटं बोलायच्या इराद्यानं नव्हे. तंबाखू हे व्यसन होतं आणि मिश्री हे तोंड धुणं होतं.

बेबीनं मात्र लग्नाआधी कधी लावली नाही. ती शिकत होती. बेळगावात राहून तिनं लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला. वडिलांनी जन्मदाखल्यावरच बेबी लिहून ठेवलं होतं, त्यामुळे सर्टिफिकेटवर आणि पुढे दवाखान्याच्या बिल्ल्यावरही बेबीच राहिलं. येळ्ळूरला लग्न होऊन आली, पहिल्या बाळंतपणात दाढ ठणकायला लागली, तेव्हा रुक्माबाईंनी तिला पहिली चिमूट दिली. माया म्हणूनच दिली. दाढ थांबली. नीलम बारशाची झाली तोवर चिमूट दिवसातून चारदा झाली होती.

डिप्लोमा झाल्यापासून बावीस वर्षं बेबी शहरातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये एकच काम करत आली. ऑपरेशनमधून निघालेले तुकडे तिच्याकडे यायचे. ती ते फॉर्मालिनमध्ये मुरवायची, मेणाच्या ठोकळ्यात बसवायची आणि मायक्रोटोमवर त्याच्या चकत्या काढायची. चकती इतकी पातळ, की कोमट पाण्यावर सोडली की दुधावरच्या पहिल्या सायीसारखी नुसती दिसायची. ती सुरकुती पडू न देता काचेवर उचलायची. पॅथॉलॉजीचे डॉक्टर नव्या मुलांना म्हणायचे, बेबीचं बघून शिका. तोंडाचे तुकडे सगळ्यात जास्त असायचे. गाल, जीभ, हिरडी. निपाणी, चिकोडी, खानापूर, खेड्यापाड्यातून आलेली माणसं. बेबी चकती उचलताना मनात म्हणायची, गुटखा, दुसरं काय. मग अकरा वाजता बॅच मशिनला लागली की ती मागच्या मोरीकडे जाऊन कोल्ड क्रीमच्या रिकाम्या डबीतनं चिमूट काढायची.

गेल्या वर्षी शाल्मली लॅबमध्ये आली. टिळकवाडीतल्या जुन्या वकिलांच्या घरातली मुलगी, पीएचडी करत होती. तिला तोंडाच्या कॅन्सरचे तुकडे हवे होते आणि ज्यांना कसलीही सवय नाही अशा, म्हणजे नॉर्मल, माणसांच्या गालाच्या आतले, पेन्सिलीच्या टोकाएवढे तुकडेही हवे होते. पहिले तर रोज यायचे. दुसरे कुठून आणायचे?

“मी देते आणून बायका,” बेबी म्हणाली.

आणि आणल्या. तिच्याच गल्लीतल्या सात बायका, समजावून, सही करून घेऊन, डॉक्टरांकडून गाल बधिर करवून. भरमाही हौसेनं आला होता, पण तो चुना-तंबाखू मळतो हे त्यानं स्वतःच सांगितलं आणि तो सवयवाल्यांच्या यादीत गेला. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होता. बेबी एकेक प्रश्न मराठीत वाचून दाखवायची. तंबाखू? न्हाय. गुटखा? अगं बाई, न्हाय. विडी? बायका हसायच्या. बेबी खुणा करत जायची. सात बायकांनंतर तिनं स्वतःचा फॉर्म भरला. तंबाखू? न्हाय. नॉर्मल क्रमांक सात जिच्यासाठी ठेवला होता ती जावेची मुलगी सर्दीमुळे परत गेली आणि तो नंबर रिकामा राहिला, तोच बेबीनं घेतला. शेवटी एक जागा उरली तेव्हा नीलमला नेलं. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला असलेली पोर. तिचा फॉर्म तर बेबीनं काही न विचारताच भरला. नॉर्मल क्रमांक नऊ.

काचेवर फक्त नंबर होते. नावांची यादी डॉक्टरांच्या कपाटात. पण तुकडे बाटलीत टाकणारा हात बेबीचा होता, आणि स्वतःचा तुकडा तर तिनं गालात कापूस दाबून, एका हातानं टाकला होता. सात नंबर कोण हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

शुक्रवारी दुपारी शाल्मलीनं तिला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं.

“बेबीआक्का, हे बघा आणि मला सांगा, मी काय चुकतेय.”

बेबीनं डोळा लावला. तपकिरी रंग. तळाच्या ओळींपासून अर्ध्या उंचीपर्यंत, ठिपक्याला ठिपका लागून.

“आता ही दुसरी काच. त्याच तुकड्याची, शेजारची चकती.”

दुसरी जवळजवळ कोरी होती.

बेबीला काम येत होतं, पण कामामागचं कारण तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. शाल्मली सांगायची. तिला ते आवडायचं.

“पी-५३ नावाचं प्रोटीन आहे ना, त्याला आपण अधिकारी समजू,” शाल्मली म्हणाली. “पेशीतल्या डीएनएला इजा झाली, की पेशीची वाढ थांबवायची, दुरुस्ती करून घ्यायची आणि दुरुस्त होत नसेल तर पेशीच संपवायची, हे त्याचं काम. ते झालं नाही तर बिघडलेली पेशी वाढत सुटते. पण नुसता अधिकारी असून भागत नाही. त्याच्या अंगावर ठरलेल्या जागी फॉस्फेटचा शिक्का बसला की तो कामाला लागतो.”

“आन एरवी?”

“एरवी दुसरं एक प्रोटीन त्याच्या मागेच असतं. ते त्याच्या पाठीवर वेगळी खूण चिकटवतं, ‘रद्दी’ अशी. ती खूण दिसली की पेशी त्याला मोडीत काढते. काम नसताना हा फुकट बसून राहू नये म्हणून. फॉस्फेटचा शिक्का बसला की रद्दीवाल्याला ह्याला नीट धरता येत नाही. तेवढ्यात हा आपलं काम करून घेतो.”

“रेशन कार्डागत हाय,” बेबी म्हणाली. “मानूस तेच, शिक्का न्हाय तर धान्य न्हाय.”

शाल्मली हसली. “तसंच. कॅन्सरमध्ये कधी अधिकारी घडतानाच मोडका असतो, आणि कधी तो चांगला असून शिक्क्यांचा घोळ असतो. रद्दीचे शिक्के भरमसाट, कामाचे नाहीत. मला हा घोळ मोजायचाय. पहिली काच सगळे अधिकारी तपकिरी करून दाखवते. दुसरी फक्त कामाचा शिक्का बसलेले. नॉर्मल माणसात दोन्ही काचांवर फार काही दिसायला नको. आणि इथं अधिकारी खच्चून भरलेत आणि एकावर शिक्का नाही.”

“कितवा नंबर हाय हा?”

“नॉर्मल सात.”

बेबीनं डोळा काचेवरून काढला नाही.

“दोनच गोष्टी असू शकतात,” शाल्मली सांगत होती. “एक, ह्या बाईचं तोंड नॉर्मल नाही. अधिकारी निकामी झालेत, त्यांना कुणी मोडीतही काढत नाही. ह्यावरून रोग ठरत नाही हां, हा काही रिपोर्ट नाही, पण मग तिला लगेच तोंड दाखवायला सांगावं लागेल. दुसरं म्हणजे, तुकडा फॉर्मालिनमध्ये पडायला उशीर झाला. तुकडा अंगातून निघाला की हे शिक्के आपोआप पुसले जायला लागतात. पण ह्या बाईला सवय नाही, फॉर्म स्वच्छ आहे. म्हणून तुम्हाला विचारते.”

त्या क्षणी बेबीला दोन दारं दिसली आणि ती जवळच्यातून बाहेर पडली.

“माझ्याकडनंच उशीर झाला असंल मॅडम.”

शाल्मलीनं रजिस्टर उघडलं. प्रत्येक तुकड्यापुढे दोन वेळा लिहिलेल्या असायच्या, काढल्याची आणि बाटलीत पडल्याची. “इथं तर एका मिनिटाचा फरक आहे.”

“सवयीनं लिवलं असंल.”

“सवयीनं?” शाल्मलीचा आवाज बारीक झाला. तिनं पान उलटलं, मग आणखी एक. सगळीकडे बेबीचं अक्षर, सगळीकडे एक मिनिट, दोन मिनिटं. “बेबीआक्का, बासष्ट तुकडे आहेत. सगळीकडेच सवयीनं लिहिलंय?”

बेबीनं मान खाली घातली आणि तेच उत्तर झालं.

“मग मला सोमवारी माझ्या गाईड सरांना सांगायला हवं,” शाल्मली म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बेबीला बरं वाटलं असतं. “वेळांवर भरवसा नसेल तर ह्यातलं काहीच वापरता येणार नाही.”

त्या संध्याकाळी बेबी चुकून वडगावातच बसमधून उतरली आणि येळ्ळूरपर्यंत चालत आली. बावीस वर्षांत तिनं एकही वेळ खोटी लिहिली नव्हती. तुकडा हातात आला की भिंतीवरच्या घड्याळाकडे मान आपोआप वळायची. घरी आल्यावर तिनं आरसा खिडकीशी नेला आणि ओठ खाली ओढला. पांढरट, खरबरीत, नखाएवढी जागा. ती नवी नव्हती. गरम चहानं भाजलं असेल, असं तिनं वर्षभर स्वतःला सांगितलं होतं.

शनिवारी अर्धा दिवस होता आणि शाल्मली आली नव्हती. बेबीनं नॉर्मलच्या सगळ्या काचा ट्रेमध्ये काढून ओळीनं लावल्या. तिला डॉक्टरांसारखं वाचता येत नव्हतं, पण बावीस वर्षांचा डोळा होता. एक, दोन, तीन... जिथं तपकिरी रंग दिसला त्या प्रत्येक बाईची मिश्रीची डबी तिला ठाऊक होती. चार नंबरची बाई डबी कमरेला लावते. सहा नंबरची बिचारी कधी लावत नाही, आणि तिच्या दोन्ही काचा कोऱ्या होत्या. मग नऊ नंबर. ही कोरीच असणार म्हणून तिनं सहज बघितली.

तळाच्या ओळीत तपकिरी ठिपके होते. दुसऱ्या काचेवरही होते. अधिकारी उठून उभे होते, शिक्के घेऊन, म्हणजे तिथं काहीतरी इजा होत होती. वीस वर्षांच्या पोरीच्या गालात.

बेबीनं काचा पुन्हा ट्रेमध्ये ठेवल्या आणि मग पुन्हा काढून नंबर वाचला.

“कढईचं बूड पडंल आता,” रुक्माबाई म्हणाल्या.

बेबीनं कढई ठेवली. मग तिनं शाल्मलीनं सांगितलेलं सगळं, जमेल तसं, सासूला आणि नवऱ्याला सांगितलं. अधिकारी, शिक्के, रद्दी. स्वतःची काच. फक्त नऊ नंबर तिनं अजून काढला नाही.

रुक्माबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “म्हंजे माझ्या तोंडात तहसीलदार बसलाय म्हन की.”

आतल्या खोलीत वही घेऊन बसलेली नीलम फस्सकन हसली.

“हसन्यावारी घेऊ नका आत्ती.”

“मग कसं घेऊ? मी चौऱ्याहत्तर वरसांची. साठ वरसं लावती. हे बघ माझं तोंड.” त्यांनी आ केला आणि बोटानं ओठ ताणला. बेबीनं खरोखरच वाकून बघितलं. हिरड्या काळ्या, दात झिजलेले, बाकी काही नाही. “काय दिसलं?”

“काय न्हाय.”

“मग?”

बेबीनं हे शाल्मलीलाही विचारलं होतं, दुसऱ्या कुणाचं तरी नाव घालून. सगळ्यांचं सारखं नसतं, आणि कुणाचं कसं आहे हे आधी कळत नाही, एवढंच शाल्मली म्हणाली होती.

“तुमचा साहेब काम करत असंल,” बेबी म्हणाली. “माझा करत न्हाय.”

रुक्माबाईंचं बोट ओठावरून खाली आलं. त्यांनी पहिल्यांदाच सुनेच्या तोंडाकडे नीट बघितलं. “दुखतंय काय गं?”

“न्हाय.”

“दुखत न्हाय तर कशाला नाद करतीस?” भरमा म्हणाला. त्याच्या आवाजात चिडण्यापेक्षा भीती जास्त होती आणि ती लपवायला तो मोठ्यानं बोलत होता. “काचेवर रोग कळत न्हाय म्हनून तीच पोरगी म्हनाली न्हवं? आन आता उलटं सांगाय गेलीस तर दोन्हीकडनं खोटी पडशील. शुक्रवारी येळ खोटी लिवली म्हनालीस, सोमवारी फॉर्म खोटा लिवला म्हननार. कंत्राटावर हाईस तू. आन गल्लीतल्या बायका? नॉर्मल हाय नॉर्मल हाय म्हनून त्यांचे गाल कापून घेतलेस. आता तंबाखूवाल्या म्हनून त्यांचं नाव लावनार?”

“नाव न्हाय, नंबर असतोय.”

“नंबर काय न्हाय. गल्लीत तुला पानी देनार न्हाईत.”

“व्हय, शेजारची अंबुबाई तर जीवच घ्यायची,” रुक्माबाई म्हणाल्या. “नातसुनंम्होरं बी लपवून लावती ती.”

बेबी नीलमच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. “नीलम, तू लावतीस?”

“काय?”

“काय ते तुला ठावं हाय.”

नीलमनं आजीकडे बघितलं. बेबीला तेवढंच पुरेसं होतं, तरी ती थांबली.

“दाढ दुखत हुती पोरीची,” रुक्माबाई घाईनं म्हणाल्या. “पेपर हुतं. मीच दिली जराशी. तुला न्हवती दिली? तवा बरी वाटली की.”

“किती डाव लावतीस?”

“सवय न्हाय गं आई. दोनदा. पेपर असलं तर तीनदा.” नीलमचे डोळे भरून आले आणि मग ती एकदम उसळली. “तू मला विचारलंस कुठं? फॉर्म तूच भरलास. एक तरी प्रश्न विचारलास मला? आन विचारलं असतंस तरी मी न्हायच म्हनाले असते. तुला बघूनच मोठी झाले न्हवं मी? सकाळी उठल्यावर तुझं बोट तोंडात बघते, तू कॅन्सरच्या लॅबमध्ये जातीस, मग मला काय वाटनार त्यात काय हाय म्हनून?”

भरमाच्या खिशातली तंबाखूची पिशवी शर्टातून बाहेर दिसत होती. त्यानं ती आत दाबली.

रुक्माबाई मोरीच्या काठावर टेकल्या. “पोरीचं बी काय दिसलं व्हय काचंत?” त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

“दिसलं.”

“तुझ्यागत?”

“माझ्यागत न्हाय. तिचा अजून उभा हाय.”

बाहेर अंबुबाईच्या अंगणात कुणीतरी चटई झटकत होतं. रुक्माबाईंनी पदराच्या गाठीतली डबी चाचपली, गाठ सोडली नाही आणि हातही काढला नाही. बेबीची जीभ पुन्हा त्या जागी गेली. ह्या वेळी तिनं तिला तिथंच राहू दिलं.

मग तिनं गॅसच्या शेगडीवर सांडलेली तंबाखूची राख फडक्यानं पुसली, फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि हात कोरडे केले.

“आता अंबुबाईकडं जाते. तिथनं बाकीच्या सगळ्यांकडं. फॉर्म मी चुकीचा भरलाय, दुसरा भरायचा हाय म्हनून सांगते. शिव्या घालतील त्या ऐकून येते. उद्या शाल्मली मॅडम सरांकडं जायच्या आत त्यांना गाठनार. रजिस्टरातली येळ खरी हाय, सात नंबर मी हाय आन मी मिश्री लावते, असं सांगनार. नोकरी गेली तर गेली. तिथनंच खालच्या मजल्यावर डॉक्टरांना तोंड दाखवाय जानार, तुकडा काढायचा म्हनाले तर काढून घेऊनच येनार. नीलम, तू माझ्यासंगं येनार हाईस, कॉलेज बुडू दे. आत्ती, उद्या दुपारचा स्वयपाक तुमी करा.”

तिनं चप्पल पायात घातली.